दहावी-बारावीनंतर फौजेत जायचंय? एनडीए, अग्निवीर आणि बाकीच्या वाटा – नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. दादा पोरगं म्हणतंय मिलिटरीत जायचं, काय करू, कुठली अकॅडमी लावू, कुणाला भेटू. मी काही फौजी नाही. मी एनडीएची लेखी दोनदा पास होऊन दोनदा एसएसबीला (अधिकारी निवडीच्या पाच दिवसांच्या मुलाखतीला) गेलेला आणि दोन्ही वेळा शेवटच्या दिवशी बॅग उचलून घरी आलेला माणूस आहे, धाकटा भाऊ मात्र अग्निवीर म्हणून भरती झाला. म्हणजे दोन्ही दारं आमच्या घराने ठोठावून बघितलीत, तेवढ्या जोरावर लिहितोय.

मिलिटरीत जायचंय म्हणजे नक्की कुठं जायचंय?

हा प्रश्न कुणी विचारत नाही पण खरं तर हाच पहिला. फौजेत आत जायला दोन वेगळी दारं आहेत, एक अधिकाऱ्याचं, म्हणजे एनडीए वगैरे, आणि एक जवानाचं, म्हणजे अग्निवीर, आणि दोघांची परीक्षा, वय, ट्रेनिंग, पगार सगळं वेगळं. गावात दोन्हीला सरसकट 'भरती' म्हणतात तिथंच घोळ होतो. बारावी सायन्सला चांगले मार्क असलेलं पोरगं सकाळ-संध्याकाळ ग्राउंड मारत बसतं आणि त्याला एनडीए नावाची गोष्ट आहे हे एकोणीस उलटल्यावर कळतं, तोवर वय गेलेलं असतं. असे मी निदान चार जण बघितलेत.

एनडीए म्हणजे नक्की काय?

नॅशनल डिफेन्स अकॅडमी, पुण्याजवळ खडकवासल्याला. सुरुवात १९४९ साली देहरादूनला झाली, खडकवासल्यात रीतसर उद्घाटन १६ जानेवारी १९५५ ला. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स तिघांचे कॅडेट तीन वर्षं इथं एकत्र शिकतात, जेएनयूची डिग्री मिळते, मग आर्मीवाले देहरादूनच्या आयएमएला (इंडियन मिलिटरी अकॅडमी), नेव्हीवाले केरळात एळिमलाला आणि एअर फोर्सवाले हैदराबादजवळ दुंडिगलला पुढचं ट्रेनिंग करतात. ते संपलं की आर्मीत लेफ्टनंट.

आपल्या दारात आहे पण आपली पोरं तिथं किती, असं प्रत्येक भाषणात ऐकायला मिळतं. भाषण देणाऱ्याने कधी फॉर्म भरून दिलाय का कुणाचा, हा माझा प्रश्न.

एनडीएसाठी वय आणि शिक्षण काय लागतं?

वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि लग्न झालेलं नको. जाहिरातीत 'या तारखेच्या आधी जन्म नको आणि त्या तारखेनंतर नको' अशा दोन तारखा दिलेल्या असतात, बोटावर हिशोब न करता त्या दोन तारखा बघायच्या. आर्मी विंगला बारावी कुठल्याही शाखेची चालते, आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो हे दोनदा वाचा. एअर फोर्स आणि नेव्हीला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स पाहिजेच. बारावीत शिकत असतानाच फॉर्म भरता येतो, निकालाची वाट बघत बसायचं नाही.

पण आर्ट्सवाल्याला पण गणिताचा पेपर द्यावाच लागतो, तो अकरावी-बारावीच्या लेव्हलचा असतो. दहावीला गणित संपलं म्हणून पेढे वाटलेल्यांनी पुस्तक परत काढा.

परीक्षा कशी असते?

यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. पहिलीची जाहिरात डिसेंबरात येते आणि पेपर एप्रिलच्या आसपास, दुसरीची मे महिन्यात आणि पेपर सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की महिन्याभरात एनडीएचा पेपर, वेगळा अभ्यास करायला सुट्टी मिळतच नाही. गणित ३०० मार्कांचं, जनरल अॅबिलिटीचा पेपर ६०० चा, प्रत्येकी अडीच तास. चुकलं की त्या प्रश्नाचे एक तृतीयांश मार्क कापतात. दुसऱ्या पेपरात इंग्रजीच २०० मार्कांचं आहे, बाकी ४०० मध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी सगळं येतं.

कटऑफ ऐकून लोक चकित होतात. लेखीला ९०० पैकी तीनशे ते साडेतीनशेच्या आसपास मिळाले तरी बऱ्याचदा एसएसबीचं बोलावणं येतं. म्हणजे सगळं यायला लागत नाही, जे येतं ते पक्कं पाहिजे आणि जे येत नाही ते सोडायचा जिगर पाहिजे. मी पहिल्यांदा गणितात तुक्के मारून जे घालवलं ते अजून आठवतं. फी १०० रुपये, मुलींना आणि एससी-एसटीला ती पण नाही.

पेपर मराठीत असतो का?

एनडीएचा नाही, इंग्रजी आणि हिंदीत असतो. अग्निवीरची ऑनलाइन परीक्षा २०२५ पासून मराठीतही द्यायची सोय झालीय, पण सगळ्या पदांना आहे असं धरून चालू नका, जाहिरात बघा. आणि इंग्रजीची भीती हा खरा अडसर आहे हे मान्य करू. माझं सगळं शिक्षण मराठी मीडियमचं, एसएसबीत मी तुटकं इंग्रजी बोललो आणि त्यावरून कुणी हसलं नाही, मी मात्र वाक्य जुळवण्याच्या नादात मुद्दाच विसरायचो. रोज दहा मिनिटं कुणाशी तरी, नसेल कुणी तर म्हशीशी, मोठ्याने इंग्रजी बोला. थट्टा नाही करत, आमच्या भावाने गोठ्यातच सराव केलाय.

एसएसबीत पाच दिवस काय करतात?

यावर क्लासवाल्यांचं दुकान चालतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. लेखी पास झालं की सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाचं बोलावणं येतं, आर्मीची केंद्रं भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज अशा ठिकाणी आहेत. पहिल्यांदा जाताना रेल्वेचं भाडं सरकार देतं, तिकीट जपून ठेवा. पोचलात की छातीवर चेस्ट नंबर बांधतात आणि पुढे पाच दिवस तुमचं नाव तेच.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. बुद्धिमत्तेचे प्रश्न आणि मग एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, ती सांगायची आणि मग सगळ्या गटाने मिळून एक गोष्ट ठरवायची. इथं मासळीबाजार होतो. पंधरा पोरं एकदम ओरडतात, प्रत्येकाला वाटतं मी जोरात बोललो की निवड झाली. दुपारी नंबर वाचतात आणि निम्म्याहून जास्त पोरं त्याच संध्याकाळी गाडी पकडतात.

जे उरतात त्यांची दुसऱ्या दिवशी सायकॉलॉजी. १२ चित्रांवर गोष्टी, त्यातलं शेवटचं पान कोरं असतं. मग ६० शब्द, एकेकाला १५ सेकंद, जे सुचेल ते वाक्य लिहायचं. मग अर्ध्या तासात ६० प्रसंग, की असं झालं तर तू काय करशील. वेळ इतका कमी असतो की पाठ केलेलं आठवत नाही, आणि तेच त्यांना पाहिजे असतं. पुढचे दोन दिवस मैदानावर जीटीओच्या (गटाची परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चाचण्या, फळ्या, दोर आणि ड्रम घेऊन गटाने अडथळा पार करायचा, वैयक्तिक अडथळे, तीन मिनिटांचं भाषण. मधे कधीतरी मुलाखत, तासभरही चालते, आणि त्यात दहावीपासूनचे मार्क, मित्र, घरात कुणाशी पटत नाही इथपर्यंत सगळं विचारतात.

मला दुसऱ्या वेळी विचारलं होतं, वडील शेतात काय काय पिकवतात आणि मागच्या वर्षी किती झालं. मला सांगता आलं नाही. सतरा वर्षं त्या घरात जेवलो आणि सोयाबीन किती क्विंटल झाली ते माहीत नाही. साहेब काही बोलले नाहीत, पुढच्या प्रश्नाला गेले. मला मात्र तिथंच कळलं.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स, म्हणजे सगळे अधिकारी वर्दीत अर्धगोल बसलेले आणि तुम्ही समोर एकटे, दोन-तीन मिनिटं. मग निकाल. आमच्या वेळी गटातून एक जण रेकमेंड झाला, आणि तो पाच दिवसांत सगळ्यात कमी ओरडलेला होता.

मग एसएसबीचा क्लास लावायचा की नाही?

एकदा सगळा प्रकार डोळ्यांखालून घालायला आठवडाभराचा क्लास ठीक आहे. पण तिथं पाठ करून घेतलेल्या गोष्टी लिहिल्या तर बोर्डाला लगेच वास येतो, त्यांनी त्याच गोष्टी हजार वेळा वाचलेल्या असतात. मी पहिल्या वेळी एका क्लासची घोकलेली गोष्ट लिहिली, बाजूच्या पोराने पण तीच लिहिलेली, दोघांच्या गोष्टीत डॉक्टर गावात येऊन कॅम्प घेतो. व्हायचं ते झालं.

एनडीएला पळायची परीक्षा असते का?

निवडीत नसते. हे ऐकून भरतीच्या अकॅडमीतली पोरं तोंडात बोट घालतात. एसएसबीत अडथळे आहेत पण १६०० मीटर वगैरे काही नाही. आता आत गेल्यावर मात्र पळण्याशिवाय दुसरं काही नाही असं तिथली पोरं सांगतात, त्यामुळे न पळता गेलात तर पहिली टर्म रडवेल. पोहता येत नसेल तर विहिरीत शिकून घ्या, तिथं सगळ्यांना पोहावंच लागतं आणि उंच बोर्डवरून उडी मारावी लागते.

एनडीएचा खर्च किती?

शिक्षण, राहणं, जेवण, कपडे सरकारचं. पॉकेट खर्च घरून जातो, आणि उत्पन्न कमी असेल तर त्यासाठी पण मदतीची सोय आहे. एक गोष्ट मात्र आईवडिलांनी नीट वाचावी, आत जाताना बाँड असतो, मधेच स्वतःच्या मर्जीने सोडून आलं तर झालेला खर्च भरायला लागतो. पगाराचं म्हणाल तर अकॅडमीनंतर आयएमएच्या ट्रेनिंगमध्ये महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड सुरू होतो.

मुलींना एनडीए आहे का?

आहे. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला, त्याच नोव्हेंबरात पोरी परीक्षेला बसल्या, आणि ३० मे २०२५ ला मुलींची पहिली बॅच, १७ जणी, खडकवासल्यातून पास आउट झाली. जागा मुलांपेक्षा खूप कमी आहेत, हे लपवून उपयोग नाही. पण "मुलीला कशाला" म्हणणाऱ्या मामा-काकांना ही तारीख तोंडावर सांगा.

मुलींना अजून दोन वाटा. पुण्याचं एएफएमसी (फौजेचं मेडिकल कॉलेज), नीटची परीक्षा देऊन एमबीबीएस, मुलांना पण आहे. आणि मिलिटरी नर्सिंगचं बीएस्सी, ते पण नीटवरून. अग्निवीरमध्ये आर्मी मुलींना मिलिटरी पोलिसात घेते, नेव्ही आणि एअर फोर्स पण घेतात.

महाराष्ट्र सरकारची काही सोय आहे का?

आहे आणि कमाल म्हणजे तालुक्याच्या गावात पण कुणाला माहीत नसते. छत्रपती संभाजीनगरला सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासून. दहावीनंतर मुलं घेतात, तिथं राहून अकरावी-बारावी करायची आणि सोबत एनडीएची तयारी. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. प्रवेशपरीक्षा दहावीच्या वर्षातच असते, त्यामुळे निकाल लागल्यावर चौकशी केली तर गाडी गेलेली असते. आमच्या घराला हे दोन वर्षं उशिरा कळलं.

त्याहून लहान मूल असेल तर सैनिक शाळा. देशातली पहिली साताऱ्याची, २३ जून १९६१ ची, आणि चंद्रपूरची २०१९ ची. सहावी आणि नववीला प्रवेश. बेळगावला राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे, कोल्हापूर-सांगलीवाल्यांना जवळ. देहरादूनच्या आरआयएमसीत (राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज) आठवीला घेतात, ती शाळा १९२२ ची.

बारावी सायन्सनंतर एनडीए सोडून अधिकारी व्हायचा काही मार्ग?

टेन प्लस टू टेक्निकल एंट्री. आर्मीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली पाहिजे, नेव्हीच्या बीटेक एंट्रीला पीसीएममध्ये ७० टक्के आणि जेईईची रँक. यूपीएससीची लेखी नाही, थेट एसएसबी. इंजिनिअरिंगच्या तयारीत असलेल्यांनी हा फॉर्म भरलाच पाहिजे, जेईई तर तसंही देताय.

आणि बारावीनंतर नाही जमलं तर ग्रॅज्युएशननंतर सीडीएस (अधिकारी भरतीची यूपीएससीचीच परीक्षा) आहे, एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर आर्मीची वेगळी एंट्री आहे. म्हणून कॉलेजात एनसीसी सोडू नका, खाकी ड्रेस धुवायचा कंटाळा आला म्हणून सोडलेली पोरं मी बघितलीत.

अग्निवीर म्हणजे काय, आणि चार वर्षांनी काय?

१४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली. भरती चार वर्षांसाठी, साडेसतराव्या वर्षापासून, वरचं वय त्या त्या जाहिरातीत बघायचं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पण त्यातले ३० टक्के सेवानिधी नावाच्या बचत फंडात जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,००० आणि हातात २८,०००. जेवढे तुमचे कापले तेवढेच सरकार घालतं, चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११.७१ लाख मिळतात, त्यावर टॅक्स नाही. विमा ४८ लाखांचा. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होतात.

हा शेवटचा आकडा घरच्यांना नीट समजावून सांगा. आमच्याकडे भाऊ लागला तेव्हा अख्ख्या गल्लीने पेढे खाल्ले आणि आजी म्हणाली आता जन्माची भाकरी झाली. तिला कुणी खरं सांगितलं नाही, मी पण नाही. केंद्राच्या निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा जाहीर झाल्यात, पण परत फॉर्म भरून परत रांगेत उभं राहायचंच आहे. म्हणून चार वर्षांत शिक्षण बंद करायचं नाही, दहावीवर गेलेल्याला तिथं असताना बारावीच्या बरोबरीचं सर्टिफिकेट घेता येतं, पुढे इग्नूतून डिग्री करता येते. भाऊ करतोय, हळूहळू का होईना.

अग्निवीरला शिक्षण किती लागतं?

आर्मीत जनरल ड्युटीला दहावी, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. टेक्निकलला बारावी सायन्स ५० टक्के. क्लार्कला बारावी ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०, तिथं एका विषयात ४९ असलं तरी बाहेर. ट्रेड्समनच्या काही पदांना आठवी पण चालते. एअर फोर्सची अग्निवीरवायू आणि नेव्हीची भरती वेगवेगळी निघते, नेव्हीवाल्यांचं ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला.

भरतीत आधी पळायचं का आधी पेपर?

आधी पळायचं हे जुनं झालं. २०२३ पासून आर्मीत आधी ऑनलाइन पेपर, त्यात आलात तर रॅली, म्हणजे मैदानावरची भरती. रॅलीत १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण ६० मार्क. मग १० पुलअप्सचे ४० मार्क, नऊ फुटी खड्डा, बॅलन्स, मग मेडिकल. महाराष्ट्रात भरती कार्यालयं पुणे, कोल्हापूर, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला, तुमचा जिल्हा कुठल्याखाली येतो तिथंच जायचं.

पण बऱ्याच अकॅडम्या अजून पहाटे चारला पोरांना उठवून नुसतं पळवतात आणि पेपरच्या नावाने एक गाइड हातात देतात. फी घ्यायला मात्र विसरत नाहीत. भाऊ पहिल्या वर्षी पळण्यात जिल्ह्यात पुढं होता आणि पेपरातच नापास झाला.

मेडिकलमध्ये पोरं बाद का होतात?

सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, रंग न ओळखता येणं, कानात मळ, नाकाचं हाड, वाकडे किंवा किडलेले दात, टॅटू. कानातला मळ आणि दात या गोष्टी घरूनच तालुक्याच्या डॉक्टरकडे आधी बघून घेता येतात, तरी दरवर्षी पोरं त्यावर अडकतात. टॅटू काढूच नका, हौस असेल तर रिटायर झाल्यावर. चष्मा असला म्हणजे संपलं असं नाही, आर्मीत ठरावीक नंबरापर्यंत चालतो, पायलटला नियम फार कडक. अनफिट सांगितलं तर अपील करता येतं, रडत घरी यायच्या आधी तो कागद मागून घ्या.

कागदपत्रांत काय बघायचं?

नाव. फक्त नाव. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, डोमिसाइलवर बापाचं नाव मधे आणि जातीच्या दाखल्यावर आईचं नावच वेगळं. कुठं 'राव' लागलंय, कुठं नाही. जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवरची धरतात, बाकी सगळं त्याला जुळवून घ्यायचं. हे अकरावीत करा, भरतीच्या आदल्या आठवड्यात सेतूत जाऊन रांगेत उभं राहू नका.

"माणूस आहे आपला, लाखात काम होतं" असं सांगतात, खरं का?

नाही. लेखी कॉम्प्युटरवर, पळायची वेळ मोजलेली, एसएसबीत तीन वेगवेगळे अधिकारी स्वतंत्रपणे मार्क देतात. हे दलाल दहा पोरांकडून पैसे घेतात, त्यातली दोन स्वतःच्या जिवावर लागतात, त्यांचे ठेवून घेतात आणि बाकीच्यांचे परत देतो म्हणून फिरवतात. आमच्या शेजारच्या घराने त्यापायी अर्धा एकर विकला.

एनडीए आणि अग्निवीर दोन्हीचे फॉर्म भरले तर चालतं?

बिनधास्त भरा. साडेसतरा ते साडेएकोणीस या दोन वर्षांत दोन्ही दारं उघडी असतात, एकाचा अभ्यास दुसऱ्याला बराच उपयोगी पडतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर बारावी असेल तर आधी एनडीए, टेक्निकल एंट्री, आणि ते चालू असतानाच अग्निवीर. जवान म्हणून गेलात आणि कायम झालात तरी पुढे आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येतं, म्हणजे ते दार पण कायमचं बंद होत नाही.

एसएसबीला जाताना बॅगेत काय न्यायचं?

ओरिजनल मार्कशीट आणि झेरॉक्स, पासपोर्ट फोटो भरपूर, पांढरा टीशर्ट, पांढरी शॉर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, दोन साधे फॉर्मल ड्रेस, कुलूप. नवे बूट नेऊ नका, मी नेले होते, तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आणि समोर दोरीवरून जायचंय. आणि जायच्या आधी एक संध्याकाळ वडिलांबरोबर शेतात किंवा दुकानात बसा आणि यंदा किती झालं ते विचारून घ्या.